रस्त्यात पोलिसांनी गाडी थांबविल्यास: कोणता अधिकार कुठपर्यंत

मोटार वाहन अधिनियम, १९८८ ने पोलिसांना रस्त्यावरील चालकाबाबत जे अधिकार दिले आहेत, ते एका गठ्ठ्यात दिलेले नाहीत. वाहतुकीला इशारा करून गाडी थांबविण्याचा अधिकार वेगळा आहे, परवाना पाहण्याचा वेगळा, श्वासाची तपासणी करण्याचा वेगळा, गाडी अडकवून ठेवण्याचा वेगळा आणि माणसाला अटक करण्याचा तर अगदीच वेगळा. या प्रत्येक अधिकारासाठी कायद्यात स्वतंत्र कलम आहे आणि प्रत्येक कलमाच्या स्वतःच्या अटी आहेत. एक पायरी कायदेशीर झाली म्हणून पुढची पायरी आपोआप कायदेशीर होत नाही. संविधानाचा अनुच्छेद २१ सांगतो की कायद्याने घालून दिलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही व्यक्तिस्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही. ती कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने मनेका गांधी प्रकरणात १९७८ मध्येच ठरवून दिले आहे. म्हणून नाकाबंदीवर उभे असताना मनात एकच प्रश्न जागा ठेवावा: आता जे चालले आहे, ते कोणत्या कलमाखाली चालले आहे?

विदर्भातील खेड्यांत हा प्रश्न स्वतःलाच विचारावा लागतो, कारण वकील आणि न्यायालय दोन्ही तालुक्याच्या ठिकाणी असतात. कापूस विकून रोख रक्कम खिशात घेऊन मोटारसायकलवर परतणारा शेतकरी, काळी-पिवळीचा चालक किंवा रुग्णाला घेऊन रात्री ग्रामीण रुग्णालयाकडे निघालेला नातेवाईक यांना त्या क्षणी विचारायला जवळ कोणी नसते. पुढील माहिती त्यांच्यासाठी आहे.

थांबणे आणि कागद दाखविणे

पोलिसांनी हात केला की थांबावे. याबाबत कोणतीही पळवाट शोधू नये. वाहतुकीचे नियमन करणाऱ्या पोलिसाच्या इशाऱ्याचे पालन करणे कलम ११९ नुसार बंधनकारक आहे, आणि गाडी वळवून शेताच्या रस्त्याने पळण्याच्या नादात झालेले अपघात आपण सर्वांनी पाहिले आहेत. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि किल्ली स्वतः काढून स्वतःच्या हातात ठेवावी. चालकाच्या गाडीची किल्ली ओढून घेण्याचा अधिकार देणारे कलम या अधिनियमात नाही. किल्ली आधीच आपल्या हातात असली, तर झटापटीचा प्रसंगच उद्भवत नाही.

कलम १३० नुसार गणवेशातील कोणताही पोलीस परवाना दाखविण्यास सांगू शकतो. यातील ‘गणवेशातील’ हा शब्द महत्त्वाचा आहे. साध्या कपड्यातील व्यक्तीने कागद मागितल्यास ओळखपत्र पाहू देण्याची विनंती शांतपणे करावी. कोणत्याही संघटनेचे कार्यकर्ते म्हणविणाऱ्या खासगी व्यक्तींना गाडी अडविण्याचा, कागद तपासण्याचा किंवा गाडीत चढण्याचा अधिकार नाही. बाजारातून बैलजोडी घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियमाखाली अशी वाहने थांबवून तपासण्याचा अधिकार उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला अथवा शासनाने प्राधिकृत केलेल्या व्यक्तीला आहे. जमावाने गाडी घेरल्यास वाद न घालता ११२ वर फोन करावा आणि बाजार समितीची खरेदी पावती पोलीस येईपर्यंत कोणाच्याही हाती देऊ नये.

परवाना, आरसी, विमा आणि पीयूसी ही कागदपत्रे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १३९ नुसार कागदी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखविता येतात. डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या ॲपमधील कागद ग्राह्य आहेत, मात्र गॅलरीत ठेवलेल्या फोटोला तसा दर्जा नाही. मेळघाटात आणि गडचिरोलीच्या आतल्या रस्त्यांवर रेंज मिळत नाही, म्हणून ॲपमधील कागद आधीच उघडून, उतरवून ठेवणे शहाणपणाचे आहे. परवाना दाखविणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, त्यामुळे अनुच्छेद २० (३) चा आधार घेऊन परवाना नाकारता येत नाही. नाव आणि पत्ताही खराच सांगावा. तो नाकारणे हेच कलम २०२ खाली अटकेचे कारण होऊ शकते.

मात्र त्यापुढील प्रश्नांची गोष्ट वेगळी आहे. ‘किती प्यायलास’, ‘हा माल कोणाचा’, ‘कबूल कर, लवकर सोडतो’ अशा ज्या प्रश्नांच्या उत्तराने आपण आरोपी ठरू शकतो, त्यांचे उत्तर देण्याची सक्ती करता येत नाही. नंदिनी सत्पथी प्रकरणात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण पोलीस चौकशीच्या टप्प्यापासूनच लागू असल्याचे सांगितले. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून सिद्धही करता येत नाही. उद्धटपणा न करता ‘याबाबत मी वकिलांशी बोलून सांगेन’ एवढे म्हणणे पुरेसे आहे.

पावती

नियमभंग झाला असेल, तर ते मान्य करून तडजोड शुल्क भरणे किंवा ते नाकारून न्यायालयात बाजू मांडणे, असे दोन्ही मार्ग चालकाला खुले असतात. कलम २०० नुसार तडजोड शुल्क घेण्याचा अधिकार राज्य शासनाने अधिसूचनेद्वारे नेमलेल्या अधिकाऱ्यांनाच आहे, प्रत्येक गणवेशधाऱ्याला नाही. शुल्क भरायचे असल्यास ई-चलान घ्यावे आणि त्यावरील गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण, कलम आणि रक्कम जागेवरच वाचावी. हेल्मेट नसल्याबद्दल थांबविलेल्या माणसाच्या चलानावर धोकादायक वाहन चालविण्याचे कलम लागले असेल, तर परिणाम मोठा होतो, कारण त्यात अटकेचा मार्गही उघडतो. ई-चलानाच्या प्रकरणांसाठी राज्यातील व्हर्च्युअल कोर्ट ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे सुरू झाले.

पावतीविना पैसे देऊ नयेत. आपल्याकडच्या बोलीत ‘साहेब, पावती भेटन का जी?’ एवढा साधा प्रश्न नम्रपणे विचारला, तरी तो कायद्याच्या भाषेतला पूर्ण प्रश्न आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमात २०१८ मध्ये झालेल्या सुधारणेनंतर लाच देणाराही शिक्षेस पात्र आहे. सक्तीने पैसे द्यावे लागले असतील, तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळविणाऱ्याला संरक्षण मिळते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

झडती

येथे सर्वाधिक गोंधळ होतो, आणि माझ्या मते सर्वाधिक अतिक्रमणही येथेच होते. मोटार वाहन अधिनियम कागद पाहण्याची परवानगी देतो. पिशवी, डिकी, खिसे किंवा मोबाइल तपासण्याची देत नाही. झडतीसाठी दुसऱ्या कोणत्या तरी कायद्याचा आधार लागतो, आणि तो कोणता हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

विदर्भात असा आधार अनेकदा खरोखरच असतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे आहेत. चंद्रपूरमध्ये २०१५ साली लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठविण्यात आली. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाखाली अधिकृत अधिकाऱ्यांना मद्याच्या शोधासाठी वाहन थांबविण्याचा, त्याची झडती घेण्याचा आणि गाठोडी उघडून पाहण्याचा अधिकार आहे. त्यामुळे यवतमाळकडून किंवा नागपूरकडून वर्धा जिल्ह्यात शिरताना डिकी उघडायला सांगितल्यास ती मागणी बेकायदा आहे, असे म्हणता येणार नाही. वनोपजाच्या संशयावरून वन विभागाच्या नाक्यावर होणारी तपासणी आणि अमली पदार्थांच्या संशयावरून होणारी तपासणी यांनाही स्वतंत्र कायदे आहेत. अमली पदार्थांच्या कायद्यात अंगझडतीपूर्वी ‘आपल्याला राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती हवी आहे का’ हे सांगणे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि हा हक्क सांगितला नाही तर खटलाच कोलमडू शकतो.

परंतु अधिकार असला तरी तो वापरण्याची रीतही ठरलेली आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ ही १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे, तसेच जप्त वस्तूंची यादी करून त्यावर साक्षीदारांच्या सह्या घेण्याचे, ध्वनिचित्रमुद्रण करायचे असते आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते. म्हणून झडती सुरू होताना ‘रेकॉर्डिंग सुरू आहे ना?’ असे विचारावे. जवळ रोख रक्कम असल्यास ती सर्वांसमोर मोजून दाखवावी आणि आकडा मोठ्याने सांगावा. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो वाचावा, वाचता येत नसल्यास वाचून घ्यावा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये, आणि मजकुराच्या शेवटच्या ओळीखाली मोकळी जागा राहिली असेल, तर तिच्यावर तिरपी रेघ मारून मगच सही करावी. महिलेची अंगझडती महिलेनेच, सभ्यतेची मर्यादा राखून घ्यायची असते. याला अपवाद नाही.

मोबाइलबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने ठरविले. परवाना डिजिलॉकरमध्ये दाखविताना फोन आपल्याच हातात धरावा. वाहतूक तपासणीच्या निमित्ताने व्हॉट्सॲप किंवा फोटो चाळण्याचा अधिकार कोणालाही नाही. गुन्ह्याच्या तपासात फोन हवा असेल, तर तो रीतसर जप्त करून त्याची नोंद करावी लागते.

दुसऱ्या बाजूने, सार्वजनिक रस्त्यावर कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसांचे आपण चित्रण करू शकतो, मात्र त्यांच्या कामात अडथळा होता कामा नये. वर्धा येथील पोलीस ठाण्यात केलेल्या चित्रणाबद्दल शासकीय गुपिते अधिनियमाखाली नोंदविलेला गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये रद्द केला आणि पोलीस ठाणे हे त्या कायद्यातील ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, असे स्पष्ट केले. तरीही फोन पोलिसांच्या तोंडासमोर नेणे, ओरडणे किंवा हात धरणे यातून शासकीय कामात अडथळ्याचा गुन्हा ओढवतो, आणि तो मूळ चलानापेक्षा कितीतरी जड जातो.

श्वास तपासणी

मद्यपानाचा वाजवी संशय असल्यास कलम २०३ खाली श्वासाचा नमुना मागता येतो. तो नाकारू नये, कारण संशय असताना नकार दिल्यास विना वॉरंट अटक होऊ शकते आणि नकार न्यायालयात आपल्याविरुद्ध पुष्टीदाखल वापरला जातो. यंत्राला नवी नळी लावण्याची विनंती करावी, फुंकण्यापूर्वी पडद्यावर शून्य दिसते का ते पाहावे आणि छापील निकालावरील वेळ तपासावी. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी आहे. अटक झाल्यास एक घड्याळी अट लागू होते: कलम २०२ नुसार अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे, अन्यथा त्या व्यक्तीला सोडावे लागते. ग्रामीण रुग्णालय पंचवीस-तीस किलोमीटरवर असलेल्या भागात ही अट फार महत्त्वाची ठरते, म्हणून अटकेची नेमकी वेळ नातेवाइकांनी लगेच लिहून ठेवावी. हा गुन्हा जामीनपात्र आहे आणि जामीन हा तेथे हक्क आहे.

गाडी अडकविल्यास

परवान्याविना किंवा नोंदणीविना चालविलेले अथवा परमिटच्या अटी मोडणारे वाहन कलम २०७ खाली अडकविता येते. परवाना ताब्यात घेतल्यास कलम २०६ नुसार पोचपावती द्यावीच लागते. अनुच्छेद ३००-अ नुसार कायद्याच्या आधाराखेरीज कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही, म्हणून कलम आणि पोचपावती या दोन्ही गोष्टी मागाव्यात. गुन्ह्यात जप्त झालेली वाहने पोलीस ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे गंजत ठेवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्ये बजावले आहे. त्या आधारे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागेल तेव्हा गाडी हजर करण्याच्या लेखी हमीवर, गाडी मागण्याचा अर्ज करता येतो. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर ठाण्यात पडून राहणे शेतकऱ्याला परवडत नाही, त्यामुळे हा अर्ज पहिल्याच आठवड्यात करावा.

ठाण्यात नेल्यास

‘चल ठाण्यात, साहेबांशी बोल’ हे वाक्य आपल्याकडे इतके सहज उच्चारले जाते, की त्यातला कायदेशीर अर्थच हरवून गेला आहे. एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध ठाण्यात नेणे आणि तेथून जाऊ न देणे ही अटक आहे, मग तिला काहीही नाव द्या. म्हणून सरळ विचारावे: ‘मला अटक केली आहे का? नसेल, तर मी जाऊ शकतो का?’

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०२ खाली गणवेशातील पोलीस विना वॉरंट अटक करू शकतो, ती प्रामुख्याने त्याच्यासमक्ष घडलेल्या तीन गुन्ह्यांसाठी: धोकादायक चालविणे, नशेत चालविणे आणि परवानगीवाचून दुसऱ्याचे वाहन नेणे. हेल्मेट नाही, तिघे बसले आहेत किंवा पीयूसी संपली आहे, ही अटकेची कारणे नाहीत. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक यांत्रिकपणे करू नये, तिची गरज कारणांसह नोंदवावी, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार प्रकरणात (२०१४) सांगितले आहे.

अटक झालीच, तर अनुच्छेद २२ लागू होतो. अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले पाहिजे. डी. के. बसू प्रकरणातील (१९९६) निर्देश आता नव्या संहितेत आले आहेत: अटक करणाऱ्याच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसावी, अटकेचा पंचनामा जागीच व्हावा, त्यावर घरच्या किंवा परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीची सही असावी आणि नातेवाइकाला कळविले जावे. गावात अशा सहीसाठी सरपंच किंवा पोलीस पाटील यांना तातडीने बोलावता येते. मुंबईतील वरळी येथील २०२४ च्या मोटार अपघात प्रकरणातूनच नोव्हेंबर २०२५ मध्ये एक महत्त्वाचा निकाल आला. अमरावतीचे सुपुत्र आणि तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई त्या खंडपीठावर होते. अटकेची कारणे प्रत्येक गुन्ह्यात लेखी द्यावीत, ती अटक झालेल्या व्यक्तीला समजणाऱ्या भाषेत असावीत, आणि ताबडतोब देणे शक्य नसेल तर दंडाधिकाऱ्यांसमोर नेण्याच्या किमान दोन तास आधी द्यावीत, असे त्यात ठरले. गोंडी, माडिया किंवा कोरकू एवढीच भाषा समजणाऱ्या माणसासाठी या निकालाचे मोल किती आहे, ते मेळघाट आणि भामरागडला गेल्यावरच कळते.

मारहाण ही कोणत्याही कलमात बसत नाही. नियमभंगाची शिक्षा रस्त्यावर लाठीने देता येत नाही. तसे घडल्यास वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांना प्रत्येक जखम दाखवून ती नोंदवून घ्यावी आणि दंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहताच, विचारण्याची वाट न पाहता, सांगावी.

महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक स्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. असे नियम का लागले, हे विदर्भाला वेगळे सांगायला नको. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले, आणि त्यानंतर देशभर उठलेल्या आवाजातून १९८३ ची कायदेदुरुस्ती झाली.

तक्रार करताना

घरी पोहोचताच, त्याच दिवशी, कागदावर लिहून काढावे: वेळ, जागा, गाडीचा क्रमांक, गणवेशावरील नाव, उच्चारलेले शब्द आणि सोबतच्या माणसांची नावे. पहिली तक्रार ठाणेदारांकडे देऊन पोच घ्यावी; ते घेत नसल्यास जिल्हा पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालाने पाठवावी. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि राज्य मानवी हक्क आयोग यांच्याकडेही जाता येते. आयोगाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत जावे लागते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १४७ तर विनाकारण छळ म्हणून झडती, जप्ती किंवा अटक करणाऱ्या पोलिसालाच शिक्षा सांगते.

ठाण्यातील सीसीटीव्हीचे चित्रण १८ महिने, आणि ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष जतन करावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. ते मिळविण्यासाठी तारीख आणि वेळ लिहून माहिती अधिकाराचा अर्ज लवकर करावा आणि त्यातच चित्रण नष्ट करू नये, अशी मागणी नोंदवावी. वकिलाची फी परवडत नसल्यास तालुका न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समितीकडे जावे. महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि १५१०० या क्रमांकावरूनही त्याची मागणी करता येते.